एच-वन-बीची फाइल की एफआरआरओची? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या वकिलांसाठी

एलएल.बी. झालं, सनद हातात आली, कोर्टात उभं राहायची फारशी हौस नाही, आणि रोज लोकलने फोर्टच्या मोठ्या फर्ममध्ये जायचीही तयारी नाही. असं असेल तर आपल्या पट्ट्यात बिझनेस इमिग्रेशनचे दोन रस्ते समोर येतात. पहिला अमेरिकन व्हिसाचा. इंजिनिअर तिकडे जाणार किंवा आधीच तिकडे असणार, आणि त्यांच्या फायली ऐरोली-महापेच्या ऑफिसात तयार होणार. दुसरा उलट्या दिशेचा. परदेशी माणूस इथल्या कंपनीत कामाला येतो. त्याचा एम्प्लॉयमेंट व्हिसा, एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातली नोंदणी, मुदतवाढ हे सगळं आपण बघायचं. तिसराही आहे, मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांना देशोदेशी हलवणाऱ्या मोबिलिटी टीमचा. पण तिथे बराच वेळ बाहेरच्या फर्मकडून काम करून घेण्यातच जातो, म्हणून सुरुवातीला तो नकोच.

अमेरिकन बाजूचं वर्ष मार्चपासून धरायचं. एच-वन-बी म्हणजे पदवी लागणाऱ्या खास कामांचा व्हिसा; त्याची नोंदणी मार्चमध्ये, दर नावामागे २१५ डॉलर; ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० असा कोटा; निवड झाली की अर्जाला किमान ९० दिवसांची खिडकी; नोकरीची तारीख १ ऑक्टोबर. आधी श्रम खात्याकडून एलसीए, म्हणजे वेतन आणि कामाच्या जागेबद्दलचं कंपनीचं हमीपत्र, मंजूर करून घ्यायचा, त्याला कामाचे सात दिवस, आणि मग आय-१२९ हा मुख्य अर्ज. ऐकायला हे सरळ वाटतं. फायली अडतात त्या एलसीएवरच्या पत्त्यावर आणि वेतनपातळीवर. माणूस घरून काम करतो हे मॅनेजर सांगत नाही, एलसीए ऑफिसच्या पत्त्यावर निघतो, आणि पुढे चौकशी आली की सगळं उकलावं लागतं.

या कामात आपल्याकडच्या माणसाचा खरा उपयोग शिक्षणाच्या कागदांत होतो. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. तीन वर्षांची. एच-वन-बीला शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी अनुभवाची तीन वर्षं धरता येतात, म्हणून तिथे निभावतं. ग्रीन कार्डाच्या ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गाला मात्र ही बेरीज चालत नाही, आणि नोकरीच्या जाहिरातीत पात्रतेचे शब्द चुकले तर पर्ममधून, म्हणजे श्रम खात्याच्या मंजुरीतून, निघालेली केस पुढे आय-१४० या ग्रीन कार्डासाठीच्या कंपनीच्या अर्जाला आपटते. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, पासपोर्टात वडिलांचं नाव एकदा मधलं नाव म्हणून आणि एकदा दिलेल्या नावात, लग्नानंतरचं आडनाव पदवीवर नाही: हे घोळ अमेरिकेतल्या पॅरालीगलला समजावून सांगावे लागतात, तुम्हाला नाही. शिवाय इंग्रजी मसुदा घोटून घेणारी इतकी चांगली शाळा दुसरी नसेल. आरएफई म्हणजे पुराव्याची मागणी आली की कामाची यादी टक्केवारीसकट, टीमचा तक्ता, तज्ज्ञाचं मत, पदवीचं मूल्यमापन असं सगळं रचून उत्तर लिहायचं, जास्तीत जास्त ८४ दिवसांत. वर्षभर हे केलेल्या माणसाचा मसुदा लगेच ओळखू येतो.

मग नको का? शिफ्ट हे कारण नाही. संध्याकाळी जाऊन पहाटे कॅबने घोडबंदरला उतरणं काहींना मानवतं. पगारही, माझ्या पाहण्यात, पहिल्या दोन-तीन वर्षांत इकडेच बरा असतो. खटकतं ते सहीचं.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यापुढे कंपनीची बाजू मांडायला तिथल्या कुठल्या तरी राज्याची वकिली सनद लागते, आणि जी-२८ या फॉर्मवर त्या वकिलाची सही. कायदा बरोबरच आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण रोजच्या टेबलावर त्याचा अर्थ असा होतो. डॅलसमधला कर्मचारी विचारतो, पुढच्या महिन्यात मला ऑस्टिनच्या ऑफिसात बसवणार आहेत, काही करावं लागेल का? उत्तर तुम्हाला पाठ आहे. २०१५ च्या सिमेओ निर्णयापासून नवी जागा जुन्या महानगर क्षेत्राबाहेर असेल तर नवा एलसीए काढून सुधारित अर्ज भरायचा, आणि तोही माणूस हलण्याआधी. तरी तुम्ही लिहिता, ‘अ‍ॅटर्नींशी बोलून कळवतो.’ अ‍ॅटर्नी झोपलेले. दुसऱ्या दिवशी तुमचाच मसुदा एक स्वल्पविराम बदलून त्यांच्या नावाने जातो. पहिल्या वर्षी यात सुरक्षित वाटतं, चौथ्या वर्षीही वाक्य तेच असतं. कितीही तयार झालात तरी मत द्यायची मुभा मिळत नाही, आणि सल्ला देता येत नसेल तर वकील व्हायचं कशासाठी, हा प्रश्न काहींना छळतो. सगळ्यांना नाही, हेही खरं.

सहीला जोडूनच सनदेचा मुद्दा येतो, आणि भरतीच्या वेळी तो कोणी काढत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. अशी फायलींची कामं करणाऱ्या कंपनीत लागलात तर सनद स्थगित. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. म्हणजे ‘दोन वर्षं नोकरी करू, मग जेएमएफसी (म्हणजे हीच परीक्षा) देऊ’ हा ठाण्यातल्या अनेक घरांतला बेत आता तसा जमत नाही.

त्यात अमेरिकन अध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर लावले. काम संपलं असं कोणी म्हणू नये. मुदतवाढ, कंपनीबदल, एल-१ म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा, पर्म हे चालूच राहणार. पण तुमचं पोट दुसऱ्या देशाच्या एका सहीवर अवलंबून आहे, एवढं समजून घ्यावं.

आता इकडची बाजू. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे गेले. नव्या माणसाला ही संधी आहे, कारण वीस वर्षांच्या अनुभवी सल्लागारालाही नियम पुन्हा वाचावे लागतायत. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. परदेशी खाद्यपदार्थांचे आचारी, भाषाशिक्षक अशा मोजक्यांना सूट. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. अर्ज ऑनलाइन, ई-एफआरआरओवर.

हे काम कायद्यापेक्षा घरमालकावर जास्त अडतं, हे आधीच सांगितलेलं बरं. परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांत फॉर्म तीन (आधीचा फॉर्म सी) भरायची जबाबदारी घरमालकाची. त्यासाठी पोर्टलवर त्याचं खातं हवं, आणि ते मंजूर व्हायला वेळ लागतो. सीवूड्सचे काका आधी म्हणतात, ‘पोलिसांची भानगड नको.’ समजूत घातली की लीव्ह अँड लायसन्स नोंदवतात, तर महावितरणचं बिल अजून बिल्डरच्या नावावर निघतं. मग इंडेक्स टू, सोसायटीची मेंटेनन्स पावती असं जोडत बसायचं. एचआर नेहमीप्रमाणे माणसाला आधी हॉटेलात उतरवतो. तिथल्या पत्त्यावर नोंदणी केली की फ्लॅटमध्ये गेल्यावर पत्ताबदलाचा अर्ज पुन्हा. म्हणून माणूस विमानात बसण्याआधीच फ्लॅटचा करार आणि मालकाचं खातं, दोन्ही तयार ठेवायला लावायचं. हे न केल्याने १४ दिवसांतले दहा कसे जातात कळत नाही.

तरीही माझा कल इकडेच आहे. कंपनीचा डायरेक्टर फोन करून विचारतो, हा माणूस आमच्या दुसऱ्या कंपनीत हलवला तर चालेल का? तुम्ही तिथल्या तिथे सांगता: भारतात राहून मालक बदलता येत नाही, अपवाद मूळ कंपनी आणि उपकंपनीचा, तोही परवानगी घेऊन, भागधारणेचे कागद पाठवा. मत तुमचं, पत्र तुमच्या लेटरहेडवर, चुकलं तर जबाबदारीही तुमची. एका माणसामागून पीएफचाही प्रश्न येतो, कारण परदेशी कामगाराला १५,००० ची मर्यादा लागत नाही. ज्या देशाशी सामाजिक सुरक्षेचा करार आहे तिथलं कव्हरेज सर्टिफिकेट आणलं तर सुटका. मग कर, मग करारनामा. तळोजा आणि टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात असे ग्राहक हळूहळूच जमतात, पण टिकतात.

उणी बाजूही आहे. या कामाला वकीलच लागतो असं नाही, त्यामुळे एजंट दर पाडतात. सुरुवातीचे पैसे कमी. आणि वकिलाच्या ऑफिसऐवजी सल्लागार कंपनीत पगारावर लागलात तर नियम ४९ इथेही आडवा येतोच.

ज्याला पुढे अमेरिकेतच जायचंय, त्याने मात्र ऐरोली सोडू नये. इमिग्रेशन तिथे केंद्राचा कायदा असल्याने कुठल्याही राज्याची सनद चालते. कॅलिफोर्नियाची बार परीक्षा भारतीय वकिलाला एलएल.एम. न करताही देता येते, पण त्यांना चालू सनद असलेला वकील हवा असतो. तेव्हा नोकरीसाठी सनद थांबवण्याआधी त्या अर्जाचं काय होईल ते तपासा.

मुलाखतीला जाल तेव्हा दोन्हीकडे एकच विचारा: ग्राहकाच्या ईमेलला मी माझ्या नावाने उत्तर कधीपासून देणार? ठाण्यातल्या एफआरआरओवाल्या ऑफिसने ‘तुम्ही फक्त अपलोड बघा’ असं सांगितलं, तर ऐरोलीची रात्रपाळीच घ्या. पगार तरी जास्त मिळेल.