सूप दिसलं की झालं : महाकुंभातल्या तंबू-मुक्कामाचा अनुभव

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बावीस वर्षं पंढरीची वारी चालल्या. गुडघे गेले तशी वारी सुटली. त्यानंतर त्यांचं एकच मागणं होतं, "प्रयाग तेवढं दावा मला." म्हणून २०२५ च्या महाकुंभाला, माघी पौर्णिमेचं स्नान धरून, आम्ही तिघं गेलो. आत्या ७८ वर्षांच्या, हे आणि मी. पुण्याची एक सहल कंपनी होती. माणशी २६,५०० रुपये. त्यात दानापूर एक्स्प्रेसचं एसी तिकीट, प्रयागच्या अरैल भागात चार रात्री तंबू, चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, नाव आणि पूजा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कडू-गोड दोन्ही सांगायचंय, आणि कडू सांगितलं की ते हाताखालच्या पोरांवर निघतं. त्या पोरांनी आमचं खूप केलं.

नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थासाठी अशाच जाहिराती येतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कडू. पत्रकात लिहिलं होतं, "बस थेट तंबूपर्यंत, संगम हाकेच्या अंतरावर." मी फोन करून दोनदा विचारलं होतं की सोबत म्हातारं माणूस आहे, चालायचं किती? "काही नाही हो ताई, पाच मिनिटं." ९ फेब्रुवारीला, रविवारी संध्याकाळी, आम्ही प्रयागराज छिवकीला उतरलो. जबलपूरनंतर गाडीत आरक्षणाला अर्थ उरला नव्हता, दारातून उतरणंसुद्धा कसरत होती. बस मिळाली, पण त्या दिवशी प्रयागकडे येणारे सगळे रस्ते गाड्यांनी तुंबले होते. दीड तासात बस चार हातसुद्धा पुढे सरकली नाही. शेवटी सगळ्यांना उतरवलं. ह्यांच्या मोबाइलने नंतर सांगितलं, साडेसहा किलोमीटर चाललो.

गर्दीचा दोष मी कंपनीला देत नाही. पण चाकाची खुर्ची एकही नव्हती. आमच्या ३८ जणांत सत्तरीच्या पुढचे अकरा होते आणि हे कंपनीला बुकिंगपासून माहीत होतं. आमच्या गाइड मुलीने, तिला सगळे ताईच म्हणत, एका भाजीवाल्याचा हातठेला ८०० रुपयांना ठरवला, त्यावर दोन रजया घातल्या आणि आत्यांना बसवलं. ते पैसे तिने आपल्या पर्समधून दिले, आम्ही नंतर तिला परत केले. खरं तर ते तिच्या मालकाने द्यायला हवे होते.

जागा मात्र विचार करून घेतलेली होती, हे श्रेय द्यायलाच हवं. तीर्थाची मांडणी नकाशावर आधी बघून घ्या. किल्ल्याच्या बाजूने गंगा-यमुनेच्या मधलं टोक, ज्याला तिकडे संगम नोज म्हणतात. गंगेपलीकडे झूसी. यमुनेच्या दक्षिणेला अरैल. मेळा ४,००० हेक्टरवर, २५ सेक्टरमध्ये पसरलेला, आणि मध्ये ३० तरंगते पूल, तिकडचे पीपा पूल. एकदा गर्दी वाढली की हे पूल एकेरी होतात, काही बंद होतात, आणि समोर दिसणारा तंबू गाठायला तास-तास फिरावं लागतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या बऱ्याच गाड्या छिवकीला थांबतात, छिवकी नैनीच्या बाजूला, आणि अरैलही त्याच काठावर. म्हणजे स्टेशन ते तंबू एकही पूल लागत नाही. झूसीला उतरलेल्या ओळखीच्या कुटुंबाचे हाल ऐकल्यावर याची किंमत कळली. तंबू कितीही मऊ गादीचा असो, नदीच्या कुठल्या काठावर आहे आणि मध्ये किती पूल आहेत, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

तंबू साधा होता. दोन खाटा, एक जादा गादी, जाड रजई, एक बल्ब, मोबाइलला एक पॉइंट. खाली सतरंजी, तिच्याखाली वाळू, आणि पहाटे त्या वाळूतून ओल वर यायची. रात्रभर हरवलेल्या माणसांच्या घोषणा ऐकू येतात. दुसऱ्या रात्रीपासून मी त्या लक्ष देऊन ऐकायला लागले. कुणी बिहारचं, कुणी मध्य प्रदेशचं, आणि मधूनच एखादं मराठी नाव आलं की आमच्या रांगेतले तीन-चार तंबू उठून बसायचे.

मी ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते, त्यामुळे संडास आणि पाणी आधी पाहिलं. ३८ माणसांना चार संडास, दिवसातून दोनदा धुतलेले, साबण ठेवलेला. तीन दिवस तक्रारीला जागा नव्हती. १२ तारखेला मात्र टाकी कोरडी पडली, कारण ११ च्या पहाटेपासून मेळ्यात गाड्या बंद आणि टँकर पोचेना. दोन बायकांनी संडासला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायलं नाही, संध्याकाळी एकीला चक्कर आली. मुख्य स्नानाला गाड्या बंद होणार हे आधीपासून ठरलेलं असतं. आदल्या रात्री पिंपं भरून ठेवायला काय हरकत होती? प्यायला जारचं पाणी होतं, ते शेवटपर्यंत पुरलं.

नदीच्या पाण्याबद्दलही बोलते, कारण माझ्याच मनात ती ओढाताण होती. परत आल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आल्याचं वाचलं. बऱ्याच ठिकाणी मैलापाण्यातले जंतू आंघोळीच्या मर्यादेच्या वर होते. ती मर्यादा १०० मिलिलिटरला २,५०० इतकी. नंतर पाणी आंघोळीला योग्य असल्याचंही मंडळाने सांगितलं. मी तिथेच सगळ्यांना सांगत होते की डुबकी मारा, पण तोंड मिटून. आत्यांनी माझ्यासमोर तीन आचमनं घेतली. मी हात धरला नाही. ज्या पाण्यासाठी त्या आयुष्यभर थांबल्या, ते ओंजळीतून सांडायला लावणं मला जमलं नाही. घरी आल्यावर आठ दिवस त्यांचं पोट आणि ताप बघत होते. काही झालं नाही.

१० तारखेला दुपारी नाव. अरैलच्या घाटावरून संगमाच्या उथळ जागेपर्यंत नेतात. तिथे नावा एकमेकींना बांधून लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. गंगा मातकट, यमुना हिरवट, आणि दोन्ही रंगांची शीव डोळ्यांना दिसते. वर सायबेरियाहून हिवाळ्यात येणारे पांढरे पक्षी, लोक त्यांना शेव टाकतात. नावेचे पैसे आमच्या रकमेत धरलेले होते आणि नावाड्याने मध्येच हात पसरला नाही. शेजारच्या नावेत भाड्यावरून मोठं भांडण चाललेलं ऐकू येत होतं. आपली नाव आधी ठरवलेली असणं हे मोठं सुख.

तिथेच वेणीदान झालं. आपल्याकडच्या सवाष्णींचा हा जुना विधी. पत्नी पतीपुढे बसते, पती तिची वेणी घालतो, टोक कापतो आणि ते त्रिवेणीला देतो. आत्यांचं राहून गेलं होतं, मामंजी अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. आमचं व्हावं ही त्यांची इच्छा होती, हे मला घाटावर पोचेपर्यंत माहीत नव्हतं. पिशवीतून त्यांनी फणी, आरसा, हळदी-कुंकू, खण काढला. सगळं घरून आणलेलं, तासगावच्या बाजारातून. ह्यांना वेणी घालता येईना. ३४ वर्षांच्या संसारात कधी घातलीच नव्हती. आत्यांनी मागून पेड धरून दाखवले, एकाआड एक, आणि ह्यांनी घातली. दोन बोटं टोक कापून पाण्यात सोडलं. त्रिवेणीत वेणी तरंगत नाही, बुडते, असं म्हणतात. आमची बुडाली. आत्या पाण्याकडेच बघत राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे.

पूजेच्या व्यवस्थेला पैकीच्या पैकी गुण. कंपनीने महिनाभर आधी प्रत्येकाकडून गाव, तालुका, आडनाव लिहून घेतलं होतं. ११ तारखेला तीर्थोपाध्याय, म्हणजे तिकडचे पंडे, यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींच्या, लाल कापडात गुंडाळलेल्या वह्या घेऊन आमच्याच तंबूवर आले. आमचं गाव सांगली जिल्ह्यात मिळेना. मग त्यांनीच डोक्याला हात लावला, "पुराना जिला बोलिए." तासगाव तेव्हा साताऱ्यात. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली. साताऱ्याच्या वहीत मिळालं. १९३० च्या कुंभाला ह्यांचे पणजोबा आलेले, मोडीत सही. घरात त्यांचा फोटो नाही, कागद नाही. आता ही सही आहे. ह्यांनी खाली आपली केली, आणि आत्यांनी अंगठा न उठवता हळूहळू "रुक्मिणी" लिहिलं. दक्षिणा वेगळी, आम्ही २,१०० दिली. "पूजा समाविष्ट" याचा अर्थ साहित्य समाविष्ट, एवढं कंपनीने स्पष्ट लिहावं.

आता सूप. आत्यांना गर्दीत हरवण्याची भीती होती आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त. मेळ्यात विजेच्या खांबांवर नंबर आणि क्यूआर कोड लावलेले होते, आणि ताईने प्रत्येकाच्या गळ्यात तंबूजवळच्या खांबाचा नंबर घातलेलं कार्ड अडकवलं. पण आत्यांना अनोळखी अक्षरं लागत नाहीत. ताईने पहिल्याच सकाळी तिकडच्या पंड्यांचे झेंडे दाखवले. उंच बांबूवर प्रत्येकाची वेगळी खूण, न वाचता येणाऱ्या यजमानाला आपला पंडा सापडावा म्हणून. मग तिने स्वयंपाकघरातलं धान्य पाखडायचं सूप घेतलं, त्याला हळद फासली आणि वीस फुटी बांबूला बांधून तंबूंच्या मधोमध उभं केलं. "आजी, हे आपलं घर. चुकलात तर सूप शोधायचं."

१२ तारखेला पहाटे साडेतीनला चहा तयार होता. किल्ल्याच्या बाजूच्या टोकावर न्या, असा पाच-सहा जणांचा हट्ट होता. ताईने साफ नाही म्हटलं. २९ जानेवारीला, मौनी अमावास्येला, त्याच टोकाजवळ चेंगराचेंगरीत सरकारी आकड्याप्रमाणे ३० माणसं गेली होती. "अरैलच्या घाटावरही तेच पाणी लागतं," ती म्हणाली, आणि शिव्या खाऊनही हलली नाही. या एका नकारासाठी मी तिचे पाय धरायला तयार आहे.

स्नान झालं, वर चढताना एक लोंढा आला आणि आत्यांचा हात माझ्या हातातून सुटला. किती वेळ गेला ते घड्याळ सांगेल, दीड तास. मी खोया-पाया केंद्रावर, म्हणजे हरवलेल्यांच्या चौकीवर, नाव लिहून दिलं, ओळीत उभी राहिले, आतून पार गळून गेले होते. तेवढ्यात तंबूवरून फोन आला. आत्या येऊन पोहे खातायत.

त्यांना हिंदी येत नाही. त्या भेटेल त्याला वर बोट करून एकच शब्द सांगत होत्या, "सूप, सूप." हिंदीतही सुपाला सूपच म्हणतात. एका पोलीस बाईने, मग एका केळीवाल्याने दिशा दाखवली, आणि शेवटी लांबून पिवळं दिसलं. मी रडायला लागले तर मलाच म्हणाल्या, "आगं, सूप दिसलं की झालं. एवढं काय त्यात?"

जेवणाबद्दल थोडक्यात. आचारी बार्शीकडचे, पिठलं-भाकरी, आमटी-भात, पौर्णिमेला उपासाची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी. तिखट कमी हवं म्हटलं तर वेगळं काढून ठेवायचे. शेजारी कल्पवासाला, म्हणजे माघ महिनाभर संगमावर व्रताने राहायला, आलेल्या आजींनाही रोज ताक पाठवायचे. त्या आजींनी महिनाभर दारात वाढवलेले जवाचे कोंब जाताना आत्यांना दिले, ते आमच्या देवघरात सुकून ठेवलेत.

पाचपैकी साडेतीन देते. दीड मी अंतराच्या खोटेपणासाठी, न आणलेल्या खुर्चीसाठी आणि कोरड्या टाकीसाठी कापलाय.

नाशिकचा ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ ला चढणार, पहिलं मोठं स्नान २ ऑगस्ट २०२७ ला. म्हणजे ऐन पावसाळा, वाळूवरच्या तंबूचा अनुभव तिथे चालणार नाही. आत्यांना त्र्यंबकच्या कुशावर्त तीर्थावर जायचंय. मागच्या आठवड्यात मी त्याच कंपनीला फोन केला आणि विचारलं, मुक्कामापासून कुशावर्त किती पावलं? मिनिटं नकोत, पावलं सांगा. फोन नेमका ताईने उचलला होता. म्हणाली, "जागा अजून ठरलेली नाही काकू. ठरली की मी स्वतः चालून बघते आणि मग सांगते." पैसे मी अजून भरलेले नाहीत.