'खाजवू नका' म्हणायला गेले: कँटोनीज ॲपचे आठ महिने

हाँगकाँगमध्ये मी योग शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त आज्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं कँटोनीज त्याहून बेताचं. म्हणून रोजच्या हालचालींचे शब्द शिकवणारं एक ॲप वर्षाची वर्गणी भरून घेतलं.

उच्चारांसाठी पैसे वसूल. आवाज स्वच्छ, शेजारी ज्यूतपिंग, म्हणजे रोमन अक्षरं आणि सहा सुरांना १ ते ६ आकडे. ते आकडे मी आधी मनावर घेतले नव्हते. एका आजींना डास चावला होता, त्यांना 'खाजवू नका' म्हणायचं होतं. खाजवणं म्हणजे 'ङाव', पहिल्या, उंच सपाट सुरात. मी म्हटलं पाचव्या, खालून चढणाऱ्या सुरात, आणि त्याचा अर्थ चावणं. आजी म्हणाल्या, "ते त्या डासाला सांग!" (वाङ्मयापलीकडे कधी न भेटलेला ङ इथे शब्दाच्या तोंडाशीच बसतो.)

शब्दांची निवड मात्र पुस्तकी. आडवं होण्याला ॲप 'थाँग' शिकवतं. वर्गात सगळ्या 'फन तै' म्हणतात. वळवण्याला 'निंग' दिलंय, पण बोलताना न चा सर्रास ल होतो. आज्या एकमेकींना मान वळवायला सांगतात तेव्हा चेहरा सरळ ठेवणं हे माझं सर्वात अवघड आसन.

मोठी उणीव म्हणजे ॲप नुसतं क्रियापद देतं, त्याचं शेपूट देत नाही. बोलताना 'छो तै' म्हणजे खाली बसा, 'खेय हेय सन' म्हणजे उठून उभ्या राहा, 'हप माइ ङान' म्हणजे डोळे मिटा. हे तै, हेय सन, माइ नसले तर सूचना अर्धवट वाटते. ती मी वर्गात ऐकून ऐकून उचलली.

आणि अर्थ सगळे इंग्रजीत. दोन महिने 'मौ' डोक्यात राहीना. मग वहीत लिहिलं, 'उकिडवं बसणं'. बसला! 'मे' म्हणजे पाठुंगळीला घेणं. जांभई, शिंक, उचकी या तिन्हींच्या आधी 'ता' लागतो, म्हणजे मारणं. ॲपला ते विचित्र वाटतं, खास टीप दिली आहे. आपण उडी मारतो, हाक मारतो, मिठीसुद्धा मारतो; मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले तीन महिने सुरांसाठी जरूर घ्यावं. मी वर्गणी पुन्हा भरणार नाही. वही भरत आली आहे आणि चुका काढायला आज्या आहेतच.