कॉर्न स्नेक घेताय? पिल्लाचा नाही, मोठेपणीचा रंग बघा

पिल्लाचा फोटो बघून कॉर्न स्नेक ठरवणार असाल तर जरा थांबा, कारण अंड्यातून निघालेलं पिल्लू आणि दोन-तीन वर्षांनंतरचा साप यांच्या रंगात पुष्कळ फरक पडतो, आणि हा पाहुणा 15-20 वर्षं तुमच्या घरी राहणारे.

या सापाचे रंगानुसार बरेच प्रकार मिळतात, त्यांना मॉर्फ म्हणतात. त्यातला नॉर्मल म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागात जंगलात असतो तसा. पिल्लू राखाडी-तपकिरी, त्यावर गडद विटकरी चट्टे, आणि दुकानात याच्याकडे कोणी वळून पण बघत नाही. पण एकेक कात टाकत गेला की राखाडी मागे पडतं, केशरी वर येतं, मानेच्या बाजूंना पिवळं उतरतं. मला विचाराल तर डोळे झाकून हाच घ्या! नॉर्मलमधलाच ओकीटी हा प्रकार घेतलात तर चट्ट्यांची काळी किनार आणखी जाड मिळते.

ॲमेलमधे काळं रंगद्रव्यच नाही, डोळे लाल, पिल्लू पहिल्यापासूनच लाल-केशरी. पुढे केशरी वाढतं एवढंच. मुलांना आत्ताच रंगीत साप पाहिजे असेल तर हा बरा.

ॲनरीत उलटं, लाल गायब. काळं-राखाडी पिल्लू फार देखणं दिसतं, लोक त्यावरच भाळतात, पण मोठा होताना बहुतेकदा तपकिरीकडे झुकतो आणि गळ्यावर पिवळं येतं. ते नको असेल तर चारकोल बघा, त्यात सहसा येत नाही. लॅव्हेंडरचं पिल्लू ॲनरीसारखंच दिसतं, जांभळट झाक नंतर येते, म्हणून ब्रीडरकडे आई-बापाचे फोटो मागाच.

स्नोचं गुलाबी-पांढरं पिल्लू पण पुढे मानेवर पिवळं पडतं, पांढराशुभ्रच हवा तर ब्लिझार्ड.

सगळ्यात जास्त बदलतो ब्लडरेड. पिल्लाचं डोकं राखाडी, अंगावर चट्टे स्पष्ट, आणि मोठेपणी ते चट्टे फिके होत होत अंगभर लाल पसरतो. धीर असेल तरच घ्या.

बघायला जाल तेव्हा डोळे दुधाळ निळसर दिसले तर कात यायची आहे, तेव्हा कुठलाही मॉर्फ मळकटच दिसतो, आठवड्याभराने परत जा.

आणि ऊन दाखवलं की रंग खुलेल म्हणून टाकी गच्चीवर ठेवू नका हं, मे महिन्यात आपल्या इंदूरचा पारा 40 च्या वर असतो आणि काचेच्या टाकीत बिचारा उकडून मरेल.