अ‍ॅक्युपंक्चर, पाच महिन्यांनंतर: सुया मोजून घ्या

लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं, परवाच्या प्रकारानंतर मात्र बसलोच. सिटिंग संपवून खाली आलो, हेल्मेट डोक्यात घातलं आणि टाळूत अशी कळ गेली की शेजारचा रिक्षावालाही दचकला. माथ्यावरची सुई काढायचीच राहिली होती! ती जागा म्हणजे बैहुई, चिनीत 'शंभरांची भेट'. हेल्मेट धरून एकशे एक.

वर जाऊन दाखवली तर मदतनीस मुलगी म्हणते, "काका, केसांत दिसली नाही." माझ्या डोक्यावर केस किती, हे अख्ख्या दांडिया बाजाराला ठाऊक आहे.

असो. दिवाळीनंतर मी पार मिटून गेलो होतो. पहाटे तीनला जाग यायची, दिवसभर कशातच रस नाही, रविवारची सेव-उसळ समोर निवून जायची. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी दिली. ती चालूच आहे, त्यांना विचारल्याशिवाय सोडणारही नाही. मेहुण्याने हट्टच धरला म्हणून, डॉक्टरांना सांगून, जोडीला हे सुरू केलं. दहा सिटिंगचे साडेतीन हजार, आगाऊ. सुयांना वायरी लावायच्या मशीनचे दर खेपेला शंभर वेगळे, आणि हे कळतं पैसे भरून झाल्यावर.

एकूण आठ सुया. माथ्यावर एक, भुवयांच्या मधे टिकलीच्या जागी एक, मग मनगटांच्या आतल्या बाजूला, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात आणि गुडघ्यांखाली प्रत्येकी दोन. पाकीट आपल्यासमोर फोडतात, एवढं चांगलं. दुखत नाही म्हटलं तरी चालेल. आत गेली की जागा जड होते, सुन्न नाही, जड. त्याला चिनी लोक 'दे-ची' म्हणतात. बेचक्यातल्या बिंदूवर सुई देऊन हार्वर्डच्या गटाने एफएमआरआय, म्हणजे मेंदूची हालचाल दाखवणारे स्कॅन, काढले होते. जडपणा जाणवला त्यांच्या मेंदूत अमिग्डालाची, म्हणजे भीतीच्या घंटेची, हालचाल मंदावलेली दिसली. नुसतं दुखलं त्यांच्यात उलट. अभ्यास २००० सालचा, पण ती माणसं धडधाकट होती, तीनला उठून पंख्याकडे बघत बसणारी नव्हती. उदासीवरचं बरंचसं काम उंदरांवर झालंय. ताणात ठेवलेल्या उंदरांना विजेच्या सुया दिल्यावर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागात, बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढलेलं आढळलं. हे मज्जापेशींचं खत समजा. हे वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "उंदराला कसली आलीय उदासी, तो कुठे रिटायर होतो?"

चौथ्या सिटिंगपर्यंत माझं मत होतं: पाचपैकी एक तारा, पैसे पाण्यात. सहावीनंतर एका रात्री झोपलो तो थेट पाच वाजता दूधवाल्याच्या घंटीने उठलो. पुढच्या रविवारी तर्री वाढून मागितली. तेव्हा चार तारे देऊन टाकले होते, दुसरं पॅकेजही घेतलं.

आता तीन. सुईचा राग आहेच, पण तेवढंच नाही. इंग्लंडमध्ये ७५५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचं २०१३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वाचले. नेहमीच्या उपचारांना अ‍ॅक्युपंक्चर जोडलेल्यांना तीन महिन्यांत जास्त उतार पडला. आणि नुसतं समुपदेशन जोडलेल्यांनाही जवळपास तेवढाच! खोट्या सुयांशी, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा केलेल्यांशी, तुलना त्यात नव्हतीच. मग माझ्यात फरक कशाने पडला? मोबाईल बाहेर ठेवून अर्धा तास निवांत पडायचं, आधी कुणीतरी जीभ बघणार, नाडी धरणार, "झोप कशी आहे?" विचारणार. घरात हे मला कुणी विचारत नाही, म्हणजे विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत. शिवाय गोळीलाही लागू पडायला काही आठवडे लागतातच. तिन्ही एकदम चालू असताना श्रेय वाटायचं कसं?

तरी जाणार आहे, कारण पाच सिटिंग भरलेल्या आहेत. आता टेबलावर पडतानाच मी मोठ्याने मोजतो: एक, दोन... आठ. काढतानाही मोजतो. मुलगी हसते, हसू दे. सुईची भरपाई म्हणून त्यांनी मशीनचे शंभर माफ केले, एकाच वेळचे. मी एक सिटिंग फुकट मागितली आहे. गुरुवारी सांगतो म्हणालेत.