बिलावरचे पहिले दोन आकडे

मी गोव्यातल्या डिचोलीचा. खाण कंपनीच्या हिशेब खात्यात वीस वर्षं काढली. मार्च 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासून कळंगुटच्या एका हॉटेलात रात्रपाळीला बिलं तपासतोय. यंदा पन्नाशी गाठली. म्हापशात साडूचा गाळा रिकामाच होता. म्हटलं, तिथं कॉफी शॉप टाकू.

एका नावाजलेल्या कॉफी साखळीचं नाव गुगलवर टाकलं, पुढे 'फ्रँचायझी' जोडलं. सगळ्यात वर आलेली साइट उघडली. तोच लोगो, तेच रंग. पत्त्यात एक जादा शब्द होता, तो नंतर दिसला. फॉर्म भरला आणि तासाभरात फोन. गाळ्याची मापं, फोटो मागितले. 'सर, पावसाळ्यात तुमच्याकडे धंदा मंदावतो ना?' इथंच मी विरघळलो. माझ्या पावसाळ्याची इतकी काळजी बायकोलाही नव्हती.

नोंदणीचे 75,000. मग फी 2,40,000, वर 18 टक्के जीएसटी. शिक्का-सहीचं करारपत्र ईमेलवर आलं. खातं मात्र कुणा बाईच्या नावाचं, तेही बचत खातं. विचारलं तर म्हणे, कंपनीत ऑडिट चालू आहे, हे एरिया मॅनेजरचं. भरले. एकूण 3,58,200.

मग मशीनची अनामत म्हणून साडेतीन लाख मागितले, तेव्हा पुतणीनं बिल हातात घेतलं. 'काका, पत्ता बंगळुरूचा, मग जीएसटी नंबर 07 नं कसा सुरू होतो?' नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे: 07 म्हणजे दिल्ली, कर्नाटकाचा 29. शिवाय कर सीजीएसटी (केंद्राचा) 9 टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा) 9 टक्के असा लावलेला, म्हणजे राज्यातल्या राज्यातल्या बिलासारखा. परराज्यातल्या अशा बिलावर सरळ आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहाराचा एकच कर हवा. हॉटेलात रोज रात्री मी दुसऱ्यांच्या बिलांवर हेच बघतो! स्वतःच्या बिलावर फक्त लोगो बघितला.

खऱ्या कंपनीला फोन लावला. ते फ्रँचायझी देतच नाहीत. पाच मिनिटांचं काम, पहिल्याच दिवशी करायचं होतं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवलं, रायबंदरला सायबर पोलिसांत तक्रार दिली. पण त्या खात्यात पैसे शिल्लक असतील तरच अडवता येतात. माझे भरून महिना उलटला होता.

परवा फोन आला, 'रिफंड विभागातून'. 8,000 भरले की सगळी रक्कम परत. आवाज वेगळा, गोडवा तोच. म्हटलं, आधी तुमचा जीएसटी नंबर सांगा. फोन कट.