लॉगफ्रेम की सिस्टिम्स थिंकिंग? मूल्यमापनाची पद्धत ठरवताना

सीएसआरचा तीन वर्षांचा प्रकल्प संपत आलाय, फंडरला 'इम्पॅक्ट'चा अहवाल हवाय आणि टेबलावर दोन प्रस्ताव आहेत. एकात लॉगफ्रेम, म्हणजे कामापासून अंतिम उद्दिष्टापर्यंतच्या पायऱ्या मांडणारा चार रकान्यांचा तक्ता, बेसलाइन-एंडलाइन (सुरुवातीची आणि शेवटची पाहणी) आणि शेजारच्या गावांशी तुलना. दुसऱ्यात सिस्टिम्स थिंकिंग, म्हणजे काय कशावर परिणाम करतं हे एकत्र बघणं: गोल, बाण आणि 'सिस्टिम मॅपिंग'च्या कार्यशाळा. पहिला कोरडा वाटतो, दुसरा कळत नाही. निवड कशी करायची?

माझा निकष एकच आहे. तुमच्या कामाचा परिणाम पुढे निघून जातो, की फिरून त्याच परिस्थितीवर येऊन तिला बदलतो? निघून जात असेल तर पहिला प्रस्ताव घ्या. फिरून येत असेल तर पहिला तुम्हाला फसवील, तेही आकड्यांनिशी.

सरळ रेषेचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच आरोग्यदूत बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. इथे मोजायचं काय हे स्पष्ट होतं: जन्म, आणि पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू. शिवाय एका घरातलं बाळ वाचल्याने दुसऱ्या घरातल्या बाळाचा धोका वाढत नाही. तुमचं काम असं असेल तर नकाशे काढत बसू नका, तुलनेची गावं नीट निवडा. मात्र हेच काम २०११ पासून आशांमार्फत देशभर जायला लागलं तेव्हा प्रश्न बदलले. मोबदला वेळेवर मिळतो का, देखरेख कोण करतं, बाळाला पुढे पाठवलं तर तिथे कोणी असतं का? यातलं एक ढिलं पडलं की बाकीची ढिली पडतात. काम तेच, पण मूल्यमापन वेगळं लागतं.

आता पाणी घ्या. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. २०२० मध्ये कॅगने म्हटलं की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही. त्यावर राजकारण भरपूर झालं, ते सोडून देऊ. मूल्यमापनाच्या अंगाने पाहायचं तर बंधारे झाले, नाले खोल झाले, साठवणक्षमता वाढली, म्हणजे तक्त्यातल्या खालच्या ओळींवर टिकमार्क होतो. पण विहिरीला पाणी आलं की शेतकऱ्याला भरवसा येतो. तो उसाकडे किंवा फळबागेकडे वळतो, शेजारी बोअर घेतो, मग पहिला आणखी खोल जातो. वाढलेलं पाणीच उपसा वाढवतं. वरच्या गावाने अडवलेलं पाणी खालच्या गावाच्या हिशोबातून जातं ते वेगळंच. हिवरे बाजारला पाणी टिकलं त्यात बंधाऱ्यांइतकाच वाटा शेतीसाठी बोअरवर घातलेल्या बंदीचा आणि दरवर्षीच्या पाण्याच्या ताळेबंदाचा आहे. बंधारे मोजणाऱ्याला हे नियम दिसतच नाहीत.

सिस्टिम्सवाले नेमकं हेच पकडायला बघतात. मूल्यमापनातल्या सिस्टिम्स विचारांवरच्या बॉब विल्यम्स आणि इराज इमाम यांच्या २००७ च्या संकलनापासून त्यांचे तीन प्रश्न रूढ झालेत: काय कशाशी जोडलंय, कोणाच्या नजरेतून पाहतोय आणि सीमारेषा कुठे आखलीय. मला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाव धरायचं की पूर्ण पाणलोट, प्रकल्पाची तीन वर्षं की मधला एखादा दुष्काळही, बागायतदार की भूमिहीन बाईसुद्धा? यशाचा निम्मा निकाल इथेच लागतो, आणि बहुतेकदा ही रेघ फंडरच्या आर्थिक वर्षाने आखलेली असते.

पण या गोटाचे दोष झाकण्यात अर्थ नाही. नकाशा बघता बघता नूडल्सची प्लेट होतो. 'सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे' असं सांगणारा अहवाल काहीच सांगत नाही, आणि 'गुंतागुंत आहे' हा शब्द कामचुकार सल्लागाराला लपायला बरा पडतो. बदल तुमच्यामुळेच झाला का, याचं उत्तरही इथे सहसा ठाम मिळत नाही. म्हणून सल्लागाराला विचारा: यातले कोणते तीन बाण तुम्ही तपासणार, आणि कशाच्या आधारे? उत्तर आलं नाही तर प्रस्ताव परत करा.

हेही विचारा की 'सिस्टिम्स' म्हणजे नेमकी कुठली शाखा. प्रयोगवाल्यांचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडून तुलना करणाऱ्या जे-पॅल या संशोधन संस्थेच्या वाटेने जाणाऱ्यांचे नियम ठरलेले आहेत. नमुना किती हवा यावर ते तुम्हाला लगेच आकडा देतील. सिस्टिम्सवाल्यांचं एक घराणं नाही. कोणी सिस्टिम डायनॅमिक्सचं, म्हणजे फिरून येणाऱ्या परिणामांचं गणित मांडतं, कोणी पीटर चेकलंड या अभ्यासकाच्या वाटेने लोकांचे दृष्टिकोन समोरासमोर ठेवतं, कोणी वर्नर उलरिक या अभ्यासकासारखं सीमारेषेवरच बोट ठेवतं. अमेरिकन इव्हॅल्युएशन असोसिएशनमध्ये त्यांचा स्वतंत्र गट आहे, आणि वादही भरपूर. भारतात इव्हॅल्युएशन कम्युनिटी ऑफ इंडिया या मूल्यमापन करणाऱ्यांच्या संघटनेमधून दोन्हीकडची माणसं शोधता येतील.

मधल्या वाटाही आहेत. कॅनडाच्या आयडीआरसी या विकास-संशोधन संस्थेने २००१ मध्ये मांडलेलं आउटकम मॅपिंग लोकांच्या वागण्यातला बदल बघतं; बचतगट किंवा ग्रामसभेसोबत काम असेल तर ते छान बसतं. बांगलादेशात रिक डेव्हिस यांनी घडवलेली 'मोस्ट सिग्निफिकंट चेंज' पद्धत गोष्टी गोळा करते. स्वस्त आहे, पण गोष्टी यशाच्याच येतात. बिघडलेलं काय तेही मुद्दाम मागा.

फंडरने लॉगफ्रेमवर आधीच सही घेतली असेल, आणि बहुधा घेतलेलीच असते, तर ती मोडू नका. १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी ती तयार झाली तेव्हापासून तिच्यात शेवटचा रकाना गृहीतकांचा आहे. आपण तो 'पाऊस सरासरीइतका पडेल', 'प्रशासनाचं सहकार्य मिळेल' असं लिहून अर्ध्या तासात उरकतो. मूल्यमापनाच्या बजेटचा एक भाग या रकान्यावर लावा. पाण्याच्या प्रकल्पात 'शेतकरी पीकपद्धत बदलणार नाहीत' हे न लिहिलेलं गृहीतक आधी लिहून काढा. मग दर ऑक्टोबरला आणि मेमध्ये ठरलेल्या विहिरींची पातळी, वर्षाला नवे बोअर किती आणि उसाखालचं क्षेत्र किती, एवढंच मोजा. गावातली दोन-तीन मुलं हे काम करू शकतात. ताडून बघायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेतच.