सीजीएम सेन्सर की ग्लुकोमीटर?
हल्ली पेशंट विचारतात, सिस्टर तो दंडाला चिकटवायचा, सतत शुगर मोजून मोबाईलवर दाखवणारा सेन्सर (सीजीएम) घेऊ का, बोटं टोचून कंटाळा आलाय. इन्सुलिनवर असाल, रात्री शुगर एकदम खाली जात असेल तर घ्याच, झोपेतसुद्धा अलार्म वाजतो, ग्लुकोमीटरला ते जमणारच नाही. पण सेन्सर रक्तातली नाही तर पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो, आकडा काही मिनिटं मागे असतो, म्हणून घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि मोबाईल नॉर्मल दाखवतोय तर सरळ बोट टोचून बघा. नुसत्या गोळ्यांवर शुगर कंट्रोलमध्ये आहे? मग बहुतेकांना ग्लुकोमीटर बास. फक्त आधी हात साबणाने धुवून कोरडे करा (फळ कापलेल्या हाताने रीडिंग उगाच जास्त येतं) आणि बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचा, कमी दुखतं.